हरणाऱ्या संघाचे चाहते : ईस्ट बंगालची पाच वर्षे

भारतीय फुटबॉलमध्ये नाव मोठे आणि कामगिरी खोटी असे उदाहरण शोधायचे तर कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे बोट जाते. शंभर वर्षांची परंपरा असलेला हा क्लब २०२० मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये आला. पहिल्या पाच हंगामांत त्याचे क्रमांक होते नववा, अकरावा, नववा, नववा आणि पुन्हा नववा. विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेरीचे तोंड या पाच वर्षांत त्याला एकदाही पाहता आले नाही. याच काळात शहरातल्या परंपरागत प्रतिस्पर्ध्याने, मोहन बागानने, आयएसएलचा करंडक दोनदा जिंकला आणि गुणतक्त्यात अव्वल राहणाऱ्या संघाला मिळणारी ढालही दोनदा पटकावली. ईस्ट बंगालच्या चाहत्यांचा वैताग समजून घ्यायचा तर हे दोन आलेख शेजारी ठेवून पाहावे लागतात. आपला संघ हरतो याचे दुःख आहेच, पण समोरच्या घरात रोज दिवाळी असते याचे दुःख त्याहून मोठे आहे.

वेदनेचे मूळ

ईस्ट बंगालचा जन्मच मुळी एका रागातून झाला. जुलै १९२० मध्ये मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला संघातून वगळले. जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना ते पटले नाही. त्यांनी क्लब सोडला आणि सहकाऱ्यांना घेऊन १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल स्थापन केला. पूर्व बंगालमधून नोकरी-शिक्षणासाठी कोलकात्यात आलेल्यांना या नावात आपले गाव दिसले. फाळणीनंतर लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. घरदार आणि जमीनजुमला मागे राहिलेल्या या माणसांना नव्या शहरात अभिमानाने आपली म्हणता येईल अशी एक जागा ईस्ट बंगालने दिली. पूर्वेकडून आलेले ते 'बाङाल' आणि मूळचे पश्चिमेकडचे ते 'घोटी', ही विभागणी फुटबॉलच्या मैदानापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचली. लाल-सोनेरी ईस्ट बंगाल जिंकला की इलिश मासा शिजायचा, हिरवा-मरून मोहन बागान जिंकला की कोळंबी.

हा अभिमान नुसता भावनेवर उभा नव्हता. १९४९ मध्ये संघाने कलकत्ता लीग, आयएफए शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स करंडक अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. १९७० मध्ये इराणच्या पास तेहरानला नमवून त्याने शील्ड जिंकली. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे कलकत्ता लीग त्याच्याकडेच राहिली. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० असा फडशा पडला. तो आकडा आजही ईस्ट बंगालच्या चाहत्यांच्या जिभेवर असतो. २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा आणि त्याच सुमारास लागोपाठ दोनदा राष्ट्रीय लीग जिंकून संघाने शिखर गाठले. मात्र २००३-०४ नंतर राष्ट्रीय लीग काही हाती लागली नाही. २०१८-१९ मध्ये तर राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगचे विजेतेपद अवघ्या एका गुणाने चेन्नई सिटीकडे गेले. मोहन बागान दोनदा आय-लीग जिंकत असताना ईस्ट बंगाल मात्र 'पुढच्या वर्षी नक्की' यावरच अडकला होता. आयएसएलमध्ये येताना चाहत्यांच्या मनात हा अनुशेष आधीच साचलेला होता.

रिकाम्या मैदानांवरचे दोन हंगाम

आयएसएलमधला पहिला सामना २७ नोव्हेंबर २०२० रोजी झाला. प्रतिस्पर्धी मोहन बागान, ठिकाण गोव्यात वास्कोचे टिळक मैदान आणि निकाल ०-२. कोरोनामुळे तो हंगाम आणि त्यानंतरचाही हंगाम पूर्णपणे गोव्यात, जवळपास प्रेक्षकांविनाच खेळवला गेला. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये हजारोंच्या गर्दीत ओरडण्याची सवय असलेला चाहता घरी टीव्हीसमोर बसून संघाची पडझड पाहत होता. हरताना शेजारी ओरडायला, शिव्या घालायला, सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर पोस्टमॉर्टेम करायला माणसे असली की पराभव वाटला जातो. इथे तो ज्याचा त्याला एकट्याने गिळावा लागला.

दुसरा हंगाम पहिल्यापेक्षा वाईट निघाला. २० सामन्यांत एकच विजय, ११ गुण आणि सगळ्यात तळाचे स्थान. त्या हंगामातला २९ जानेवारी २०२२ चा फातोर्ड्यातला डर्बी सामना, म्हणजे मोहन बागानविरुद्धची लढत, या सगळ्या दुर्दशेचा नमुना म्हणून पाहता येतो. ५६व्या मिनिटाला डॅरेन सिडोएलने ईस्ट बंगालला चक्क आघाडी मिळवून दिली. थोड्याच वेळात मोहन बागानने कियान नासिरी या तरुण बदली खेळाडूला मैदानात उतरवले. त्याने ६४व्या मिनिटाला बरोबरी साधली. नव्वद मिनिटे संपली तेव्हा १-१ असा निकाल दिसत होता आणि तळाच्या संघाला तो एक गुणही पुष्कळ होता. पण भरपाई वेळेत कियानने लागोपाठ आणखी दोन गोल केले. १-३. कियानचे वडील जमशीद नासिरी हे ऐंशीच्या दशकात ईस्ट बंगालचेच लाडके इराणी आघाडीवीर होते. ज्या आडनावाचा एकेकाळी जयघोष केला, त्याच आडनावाच्या मुलाने आपल्यावर हॅटट्रिक करावी, हा घाव जुन्या चाहत्यांना विशेष लागला.

जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२३ या काळात ईस्ट बंगाल सलग आठ डर्बी हरला. ऑगस्ट २०२२ मधल्या ड्युरँड करंडकाच्या डर्बीत तर सामन्यातला एकुलता एक गोल ईस्ट बंगालच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गेला.

दोष कुणाचा?

हरणाऱ्या संघाचा चाहता दोष शोधतो तेव्हा आधी त्याचा हात डोळ्यांसमोर दिसणाऱ्या माणसाकडे जातो. गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला, बचावपटू जागा सोडून पुढे गेला, परदेशी आघाडीवीर बिनकामाचा निघाला. हे आरोप खोटे नसतात, पण दरवर्षी बहुतेक संघ बदलूनही त्याच चुका होत राहिल्या की ते अपुरे वाटू लागतात.

मग पाळी येते प्रशिक्षकाची. पाच हंगामांत ईस्ट बंगालने सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. लिव्हरपूलचा एकेकाळचा गोलवीर रॉबी फाउलर, मानोलो डियाझ, मारियो रिव्हेरा, भारतीय संघाला दोनदा मार्गदर्शन केलेले स्टीफन कॉन्स्टन्टाइन, बेंगळुरूला आयएसएल जिंकून देणारे कार्लेस क्वाड्रॅट आणि ऑस्कर ब्रुझोन. नवा माणूस आला की आशा पालवते आणि कधीकधी पहिले काही निकाल सुधारतातही. बास टेर वील या अर्थशास्त्रज्ञाने डच लीगच्या अभ्यासात या सुधारणेची उलटतपासणी केली. ज्या संघांनी वाईट काळात प्रशिक्षक बदलला आणि ज्यांनी तशाच वाईट काळात बदलला नाही, अशा संघांची त्याने तुलना केली. दोन्हीकडे निकाल जवळपास सारखेच सावरले. प्रशिक्षकाला सहसा घसरणीच्या तळाशी हाकलले जाते आणि तळानंतर थोडे वर येणे बऱ्याचदा आपसूकच घडते. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते.

तिसरा आरोपी मैदानावर दिसत नाही, तो कार्यालयात असतो. ईस्ट बंगालच्या बाबतीत खरी मेख इथेच आहे. आयएसएलचा खर्च जुन्या पद्धतीच्या सभासद-क्लबला झेपणारा नाही, त्यासाठी पैसेवाला भागीदार लागतो. क्वेस कंपनी २०१८ मध्ये आली आणि २०२० मध्ये गेली. त्यानंतर श्री सिमेंट आली आणि क्लबचा आयएसएल प्रवेश २७ सप्टेंबर २०२० रोजी जाहीर झाला. हंगाम सुरू व्हायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. पुढच्या वर्षी अंतिम करारावरून क्लबचे पदाधिकारी आणि कंपनी यांच्यात जुंपली. करारातल्या अटींमुळे सभासदांचे हक्क जातील असे पदाधिकाऱ्यांचे म्हणणे होते, तर सही झाल्याशिवाय पैसे सोडायला कंपनी तयार नव्हती. भरीस भर म्हणजे जुन्या खेळाडूंच्या थकबाकीमुळे फिफाने नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी घातली होती. २१ जुलै २०२१ रोजी चिडलेले चाहते कोलकात्याच्या 'मैदान' परिसरातल्या क्लबच्या तंबूबाहेर जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठी चालवली. अखेर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या मध्यस्थीने तो हंगाम कसाबसा वाचला. २०२२ मध्ये श्री सिमेंट बाहेर पडली. इमामीशी करार झाला तो २ ऑगस्टला, म्हणजे ड्युरँड करंडक तोंडावर आलेला असताना.

याचा संघाच्या खेळाशी संबंध अगदी सरळ आहे. आयएसएलच्या दर्जाचे भारतीय खेळाडू मोजके आहेत. चांगले बचावपटू आणि मध्यरक्षक यांचे करार इतर क्लब आधीच उरकतात. ज्याचा मालक ऑगस्टमध्ये ठरतो त्याच्या वाट्याला उरलेले खेळाडू येतात, घाईत आणलेले परदेशी येतात आणि सरावासाठी मिळतात जेमतेम काही आठवडे. हंगाम सुरू होतो तेव्हा इतर संघ पळत असतात आणि हा संघ एकमेकांची नावे पाठ करत असतो. त्यातच आयएसएलमध्ये या काळात तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत नव्हती. अकरावा आला तरी पुढच्या वर्षी जागा पक्की. त्यामुळे अपयशाची किंमत मालकाला किंवा पदाधिकाऱ्याला मोजावी लागली नाही. ती फक्त चाहत्यांनी मोजली. सुरुवातीला एखाद्या बचावपटूच्या नावाने ओरडणारे चाहते पुढे कराराची कलमे आणि खेळाडू नोंदणीच्या तारखा यांवर तावातावाने बोलू लागले, ते यामुळेच.

तरी सोडवत नाही

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. सामन्याविषयी बोलताना विजयानंतर 'आपण' जास्त वेळा येई, पराभवानंतर 'ते'. जिंकले तर आपले, हरले तर त्यांचे, हा मनुष्यस्वभाव आहे आणि हौशी प्रेक्षकांना तो उपयोगी पडतो. पराभवापासून ते चार पावले लांब उभे राहतात आणि मोकळे होतात.

पण ज्याची ओळखच संघाशी बांधलेली असते, त्याला ही पळवाट नसते. आजोबांनी पूर्व बंगालमधून येताना सोबत आणलेली ओळख गुणतक्ता पाहून बदलता येत नाही. तो पराभवानंतरही 'आपण हरलो' असेच म्हणतो आणि म्हणूनच जास्त चिडतो. त्याचा राग हा नाते तुटल्याचा नसून न तुटल्याचा पुरावा असतो. ज्याला काहीच वाटेनासे झाले तो ओरडत नाही, टीव्ही बंद करतो.

या रागाला काळी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्याच्या वेळी उसळलेल्या दंगलीत आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा जीव गेला. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये, आर. जी. कर रुग्णालयातल्या अत्याचार प्रकरणानंतर शहर पेटलेले असताना डर्बी रद्द झाली, तेव्हा दोन्ही क्लबांचे चाहते स्टेडियमबाहेर खांद्याला खांदा लावून निषेधाला उभे राहिले.

मधेच उगवणारी आशा

सतत हरणाऱ्या संघावर रागावणे एकवेळ सोपे असते. चाहत्यांची खरी दमछाक होते ती अधूनमधून जिंकणाऱ्या संघामुळे. १२ ऑगस्ट २०२३ रोजी ड्युरँड करंडकात नंदकुमारच्या एकमेव गोलावर ईस्ट बंगालने साडेचार वर्षांनी डर्बी जिंकली आणि पुढे अंतिम फेरी गाठली. २८ जानेवारी २०२४ रोजी भुवनेश्वरमध्ये ओडिशाला जादा वेळेत ३-२ असे हरवून त्याने सुपर कप जिंकला. क्लेटन सिल्व्हाने १११व्या मिनिटाला केलेल्या गोलामुळे राष्ट्रीय पातळीवरचा करंडक बारा वर्षांनी परत आला. त्या वर्षी प्रशिक्षकाची निवड वेळेत झाली होती, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

चाहत्यांना वाटले, वनवास संपला. पण लीगमध्ये संघ पुन्हा नववाच आला आणि २०२४-२५ ची सुरुवात सलग सहा पराभवांनी झाली. तिसऱ्या पराभवानंतर क्वाड्रॅट गेले. गंमत म्हणजे याच पडत्या काळात ब्रुझोन यांच्या हाताखाली संघ भूतानला गेला आणि थिम्फूत आशियाई चॅलेंज लीगमध्ये ब्रुझोन यांच्याच जुन्या क्लबला, बांगलादेशच्या बशुंधरा किंग्जला, ४-० असे आणि लेबनॉनच्या नेज्मेहला ३-२ असे हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोचला. परत आल्यावर ९ नोव्हेंबरला मोहम्मडन स्पोर्टिंगविरुद्ध पूर्वार्धातच दोन खेळाडूंना लाल कार्ड मिळाले. उरलेल्या नऊ जणांनी झुंजून ०-० अशी बरोबरी राखली. हंगामातला पहिला गुण तो हाच.

फुटबॉलमध्ये गोल मोजके होतात, त्यामुळे एका सामन्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. मोजक्या सामन्यांच्या करंडक स्पर्धेत दुबळा संघही चमकून जातो. वीस-बावीस सामन्यांची लीग मात्र संघाची खरी ताकद दाखवते. त्या ताकदीत राखीव फळी, दुखापतींची काळजी, वेळेवर झालेली खरेदी आणि वर्षानुवर्षे टिकणारे व्यवस्थापन हे सगळे येते. ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी या पाच वर्षांत करंडकाचा आनंद आणि लीगची निराशा असे दोन्ही अनुभवले. त्यांच्या तक्रारीचा मथितार्थही तोच आहे. एखादा सामना अकरा खेळाडू हरतात, पण एका जागी अडकलेला क्रमांक हा मैदानाबाहेर, हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. प्रशिक्षक सहा झाले, भागीदार बदलले, खेळाडूंची तर गणतीच नाही. या सगळ्या काळात एका जागी टिकून राहिला तो फक्त चाहता, आणि म्हणून संघाच्या दुखण्याचा संपूर्ण इतिहास त्याच्याइतका दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतो.