अचूकता आणि निवड : मानवाकृती व निसर्गदृश्य यांच्या अभ्यासातून घडणारे रेखाटन

रेखाटन हे हाताचे कसब आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी नवशिक्याची खरी अडचण हातापेक्षा नजरेत असते. डोळा, नाक, झाड, डोंगर यांच्या ठरावीक खुणा लहानपणापासून मनात साठलेल्या असतात आणि समोरचे दृश्य नीट न्याहाळण्याआधीच त्या कागदावर उतरतात. म्हणूनच दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि एक झोपडी हे चित्र कोकणातल्या मुलाच्या वहीत जसे आढळते, तसेच विदर्भाच्या सपाट प्रदेशातल्या मुलाच्या वहीतही आढळते. पाठ झालेल्या या खुणा बाजूला सारून प्रत्यक्ष आकार, त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे आणि त्यांवरील छायाप्रकाश पाहण्याची सवय लावणे, हे अभ्यासचित्राचे, म्हणजे प्रदर्शनासाठी नव्हे तर शिकण्यासाठी केलेल्या चित्राचे प्रयोजन असते. अशा अभ्यासासाठी मानवाकृती आणि निसर्गदृश्य हे दोन विषय दीर्घकाळ महत्त्वाचे मानले गेले आहेत. त्यांपैकी पहिला अचूकता शिकवतो, दुसरा निवड शिकवतो आणि एकाने राहिलेली उणीव दुसरा भरून काढतो.

महाराष्ट्रात या दोन्ही अभ्यासांना शिस्तबद्ध रूप मिळाले ते मुख्यतः मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे. आरंभीच्या काळात तेथील विद्यार्थी पाश्चात्त्य अभिजात शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटनाचे धडे गिरवीत. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे संस्थेची सूत्रे आल्यावर, १९२०च्या सुमारास, जिवंत मॉडेल समोर बसवून नग्न मानवदेहाचा अभ्यास करण्याचा ‘लाइफ क्लास’ तेथे रुजला. प्रतिकृती निश्चल असते आणि तिच्यावरील प्रकाशही स्थिर ठेवता येतो, परंतु जिवंत माणूस श्वास घेतो, थकतो, शरीराचा भार नकळत एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकतो. त्यामुळे लाइफ क्लासमध्ये बाह्यरेषेबरोबरच देहातील ताण आणि तोल यांचाही विचार विद्यार्थ्याला करावा लागतो. या संस्थेत १८९०मध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झालेल्या आणि पुढे तेथेच अध्यापन केलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चित्रांत मुंबईच्या रस्त्यांवरील नाना जातीधर्मांची, नाना व्यवसायांची माणसे आपापल्या चालण्या-बसण्याच्या ढंगासह ओळखू येतात, ती भक्कम रेखाटनाच्या पायावर. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर व्यक्तिचित्र आणि पारदर्शक जलरंगातील निसर्गचित्र या दोन्हींत सारखेच निष्णात होते आणि त्यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, तर जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतलेल्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ यांसारख्या गावातल्याच जलाशयांचा परिसर चित्रविषय म्हणून निवडला. विषयाच्या शोधात दूर जाण्यापेक्षा परिचित स्थळ सतत पाहत राहिल्याने नजर अधिक तयार होते, हे त्यांच्या निसर्गचित्रांवरून शिकण्यासारखे आहे.

मानवाकृती अचूकता शिकवते याचे कारण असे की, मनुष्यदेहातील चूक पाहणाऱ्याच्या तत्काळ लक्षात येते. झाडाची फांदी बोटभर सरकली तरी कोणाला कळत नाही. डोळा तितकाच सरकला तर चेहरा विद्रूप होतो. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या उंचीच्या सुमारे साडेसात पट असते, तर वर्षाच्या बालकाची जेमतेम चौपट असते. परंतु अशी कोष्टके केवळ पडताळणीपुरती उपयोगी पडतात, कारण बसलेल्या, वाकलेल्या किंवा पाय पाहणाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या आकृतीत ती मोडतात. पाहणाऱ्याच्या दिशेने आलेला अवयव आखूड दिसतो, या परिणामाला फोरशॉर्टनिंग म्हणतात, आणि तेथे माहितीपेक्षा मोजमापावरच विसंबावे लागते. त्यासाठी कोपर न वाकवता हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेण्याची जुनी रीत आजही सर्वांत विश्वसनीय आहे. कोपर वाकले की पेन्सिलीचे डोळ्यापासूनचे अंतर बदलते आणि माप फसते.

लाइफ क्लासमधील सराव सहसा अल्प वेळाच्या ‘पोझ’पासून सुरू होतो. अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतच्या या जलद रेखाटनांत नाकडोळे टाळून देहाची मुख्य दिशा, मणक्याची वळणरेषा आणि भार कोठे पडला आहे एवढेच टिपायचे असते. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचे कंबरेचे हाड वर उचलले जाते, खांद्यांची रेषा बहुधा उलट दिशेला कलते आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेली ओळंब्याची रेषा भार घेणाऱ्या पावलापाशी उतरते. हा संबंध साधला तर चार रेषांची आकृतीही उभी राहते आणि चुकला तर कितीही छायांकन केले तरी ती कलंडलेलीच दिसते. त्यानंतर वीस मिनिटांच्या आणि अखेरीस काही तासांच्या बैठकीत गळ्याखालील हाडे, खांद्याची पाती, कोपर, गुडघा अशा त्वचेलगतच्या ठिकाणांवरून आतील सांगाडा ओळखण्याचा अभ्यास होतो.

निसर्गदृश्यापुढे बसलेल्या चित्रकाराची अडचण याच्या अगदी उलट असते. तेथे पाहण्यासारखे इतके असते की सर्व काही काढू पाहणाऱ्याचे चित्र विस्कटते. म्हणून पुठ्ठ्यात कापलेल्या चौकटीतून दृश्य निरखावे, काडेपेटीएवढ्या आकाराची दोन-तीन लघुरेखाटने करून रचना ठरवावी आणि मगच मोठ्या कागदाला हात घालावा, अशी पद्धत आहे. डोळे किलकिले केले की बारीक तपशील विरघळतात आणि गडद, मध्यम व उजळ असे ढोबळ भाग उरतात. छटांच्या या उतरंडीला ‘टोन’ म्हणतात आणि निसर्गचित्राचे यश बरेचसे तिच्यावर ठरते. सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकत असल्याने सावल्या बदलत राहतात. यासाठी आरंभीच त्यांच्या जागा नक्की करून पुढे त्या न बदलणे श्रेयस्कर ठरते. यथार्थदर्शनाच्या, म्हणजे पर्स्पेक्टिव्हच्या नियमानुसार क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते, तर हवा आणि तिच्यातील बाष्प व धूळ प्रकाश विखुरत असल्यामुळे दूरच्या रांगा फिकट आणि निळसर भासतात. दमट हवेत त्या जवळजवळ पुसल्या जातात आणि पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत त्याच रांगांच्या कडा ठळक दिसतात. म्हणून एकाच जागेचा निरनिराळ्या ऋतूंत केलेला अभ्यास अनेक जागांच्या धावत्या भेटींपेक्षा अधिक फलदायी होतो.

येथेच दोन्ही अभ्यास एकमेकांना येऊन मिळतात, कारण भूमीलाही सांगाडा असतो. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सह्याद्री बनला असल्याने त्याचे माथे पुष्कळदा सपाट, कडे सरळसोट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. हे आडवे थर ज्याने ओळखले, त्याचा डोंगर वहीतल्या त्रिकोणासारखा होत नाही. झाडाच्या एका उंचीवरील सर्व फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी बुंध्याइतकी भरते, असे निरीक्षण लिओनार्दो दा विंचीने नोंदवले होते आणि देहाचे विच्छेदन करून स्नायू रेखाटणाऱ्या त्याच नजरेने ते टिपलेले होते. मानवाकृतीच्या सरावाने ज्याला तोल आणि रचना दिसू लागली, त्याला वडाच्या खोडातही भार आणि वळण दिसते; उलट, निसर्गात गौण ते गाळण्यास जो शिकला, तो व्यक्तिचित्रात प्रत्येक केस काढत बसत नाही.

नियमितपणाचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते. प्रमाणाचा अंदाज हा वारंवार तुलना करून, चूक शोधून आणि लगेच पुन्हा प्रयत्न करून सुधारणारा गुण असल्याने महिन्यातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा रोज अर्धा तास काढणे हितावह असते. मॉडेल उपलब्ध नसेल तर रेल्वे फलाट, भाजीबाजार, घरात वाचत बसलेली वडीलधारी माणसे, आरशातील स्वतःचा चेहरा हे विषय पुरेसे आहेत आणि आठवड्यातून एकदा उघड्यावर जाऊन निसर्गदृश्य केले की जोडी पूर्ण होते. रेखाटनावर तारीख घालावी, चुकलेली रेषा खोडण्याऐवजी तिच्याशेजारी सुधारलेली रेषा काढावी आणि घरी परतल्यावर तेच दृश्य स्मरणाने पुन्हा काढून काय निसटले ते पाहावे. छायाचित्र हा या अभ्यासाला पर्याय होत नाही, कारण कॅमेऱ्यात सावल्या अनेकदा काळ्याकुट्ट होतात, तेजस्वी आकाश पांढरे पडते आणि मुख्य म्हणजे दृश्य सपाट करण्याचा निर्णय चित्रकाराऐवजी यंत्राने आधीच घेतलेला असतो. तो निर्णय स्वतः घेण्याची क्षमता हेच रेखाटनाचे शिक्षण होय. आणि ती उपजत प्रतिभेवर सोपवून न देता रोजच्या सरावाने कोणत्याही वयात कमावता येते, ही या परंपरेने शिकणाऱ्या प्रत्येकाला दिलेली सर्वांत मोठी ग्वाही आहे.