पंखा बंद, रेकॉर्डिंग चालू

गिटारच्या पोटावर जे गोल भोक असतं, त्याच्यासमोर माइक लावत नाहीत. आवाज तिथूनच जोरात येतो हे खरं, पण तो नुसता घुमतो. सहा तारांचा मिळून एक गोळा होतो. माइक जरा बाजूला घ्यायचा, गिटारच्या मानेवर बारावा फ्रेट (धातूची आडवी पट्टी) असतो त्याच्याकडे तोंड करून, वीत-सव्वा वीत अंतरावर. मग अंगठ्याने छेडलेली खर्जाची तार वेगळी ऐकू येते आणि अनामिकेने छेडलेली वरची वेगळी. बोट तारेवरून सरकताना होणारा चर्रकन आवाजही मग येतोच. तो ठेवायचा की काढायचा, यावर कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये अख्खी दुपार वाद झालेला मी ऐकला आहे.

फ्लॅट माझ्या मैत्रिणीचा, आणि वाद घालणारी तिची मुलगी. वय पंचविशीचं. संध्याकाळी शाळकरी मुलांना गिटार शिकवते, उरलेल्या वेळात गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि स्वतःच गाते. आता तिने पहिला अल्बम करायला घेतला होता: मराठी गाणी, एक आवाज, एक गिटार, बाकी काही नाही. ‘मावशी, तुझं अक्षर चांगलं आहे, तू टेक लिहायला बस,’ असं म्हणून तिने मला वही दिली. गाण्याचं नाव, टेकचा म्हणजे कितव्यांदा गायलं त्याचा नंबर, पुढे शेरा. माझे शेरे साधारण असे होते: ‘दुसरं कडवं छान’, ‘अंतऱ्यात घाई’, ‘शेवटी कुकर’.

स्टुडिओत का नाही, हा प्रश्न मीही विचारला. स्टुडिओचं भाडं तासावर असतं. तास संपत आला की गाणाऱ्याचं लक्ष गाण्यातून उठून घड्याळाकडे जातं. घरी तेच गाणं चार दिवसांनी पुन्हा घेता येतं. त्यात तिचा कॉलेजातला मित्र साउंड शिकलेला. पोटापाण्यासाठी तो जाहिरातींच्या डबिंगचं काम करतो. दोन माइक, लॅपटॉप आणि ते जोडणारा इंटरफेस त्याने आणला. घरात जागा कुठली चांगली हे त्याने टाळ्या वाजवून ठरवलं. दिवाणखान्यात टाळी वाजवली की भिंतीवरून परत येत होती. आतल्या खोलीत, साड्यांनी गच्च भरलेल्या कपाटाचे दोन्ही दरवाजे उघडे टाकून वाजवली तर तिथल्या तिथे विरली. कपाटासमोर स्टूल ठेवलं, पाठीमागे दोन गाद्या उभ्या केल्या, खिडकीला रजई लावली. स्टुडिओ तयार.

मग सुरू झालं आवाज शोधणं. गाण्याचा नव्हे, नको असलेला. पंखा बंद करायचा, हे कोणालाही सुचेल. पण भिंतीपलीकडचा फ्रिज गुरगुरतो, हे हेडफोन लावल्यावरच कळलं. तो प्रत्येक वेळी बंद करायचा आणि बंद करताना स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. म्हणजे घरी निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज चालू करायचा राहत नाही. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे म्हणे. त्यानंतर पाण्याचा पंप, भंगारवाल्याची हाळी, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची. आणि कोकिळा! सिनेमातल्या गाण्यांना हौसेने कोकिळेचा आवाज जोडतात. इथे ती फुकट यायची आणि दर वेळी ध्रुवपदावरच यायची. पुणेकरांच्या एक ते चारच्या झोपेची बाकीचा महाराष्ट्र यथेच्छ थट्टा करतो. मी एवढंच सांगते की या अल्बममधली निम्मी गाणी त्या झोपेच्या कृपेने झाली आहेत.

पण दुपारी एक ते चार, मे महिना आणि पंखा बंद. बोटांना घाम येतो, तार गरम होते, किंचित सैल पडते आणि स्वर उतरतो. प्रत्येक टेकनंतर पुन्हा गिटार लावायची. शिवाय ती गिटार नेहमीसारखी लावत नाही. सहा तारा खालून वर डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावते. डेव्ही ग्रॅहम नावाच्या इंग्लिश गिटारवादकाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ केली. मोरोक्कोत ऐकलेल्या ऊद या वाद्याबरोबर वाजवता यावं म्हणून त्याने ती काढली, असं सांगतात. आपल्या कानाने मोजा: डी हा षड्ज धरला तर तारा होतात सा, प, सा, म, प, सा. म्हणजे तानपुराच मांडीवर घेतला की! तिला कॉर्ड बदलत बसण्याची फारशी गरज पडत नाही. खालच्या तारा मोकळ्या वाजत राहतात आणि चाल वर आपल्या वाटेने फिरते. मराठी चालीच्या अंगाला हे फार बरं बसतं, असं माझं मत. इंग्रजी धाटणीच्या कॉर्डवर मराठी शब्द चढवले की पुष्कळदा ते परक्याच्या घरी आल्यासारखे अवघडून बसतात.

याची किंमतही आहे. गळा मींड घेतो, फ्रेट घेत नाही. तार दाबून ताणली तर स्वर थोडा चढवता येतो, एवढीच सोय. एका गाण्यात तिने गंधार आंदोलित ठेवला होता. गळ्यातला गंधार हलत होता आणि गिटारमधला फ्रेटवर ठाम उभा. दोन्ही एकत्र ऐकताना दातात खडा आल्यासारखं होई. शेवटी तिने त्या जागी गिटारमधून गंधारच काढून टाकला. गिटार फक्त सा आणि प धरून थांबते, गंधार एकटा गळ्यात येतो. अल्बममधली माझी सगळ्यात आवडती जागा हीच.

लहानपणी ती शास्त्रीय शिकली, काळी चारमध्ये. इथे तिने गिटारला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप) लावला आणि षड्ज आणला पांढरी तीनवर. चांगला दोन स्वर खाली. तिच्या गुरुजींनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, आवाज लावत नाहीस, पुटपुटतेस. पण गुरुजींची तालीम मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यासाठी होती. इथे ऐकणारा माइक, वीतभर अंतरावर बसलेला. त्याला कानात सांगितलेलंही कळतं. हळू आवाजात सुरात राहणं खुल्या आवाजापेक्षा कठीण असतं, हे तिथे बसूनच कळलं. श्वास कमी पडला की मंद्रातला स्वर लगेच लटपटतो आणि लपायला मागे तबला नाही, व्हायोलिनं नाहीत.

माइकला आणखी एक गोष्ट कळते: महाप्राण. ‘भ’, ‘फ’, ‘ध’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माइकमध्ये धप्पकन आदळतो. त्यासाठी माइकसमोर जाळीची चकती लावतात, गाणारा मान किंचित तिरकी ठेवतो. तरी एका गाण्याची सुरुवातच ‘भिंत’ या शब्दाने होती आणि तिसऱ्या शब्दात पुन्हा ‘भ’. टेकवर टेक गेले. मित्र म्हणाला, ‘अगं, शब्द बदल ना.’ ती म्हणाली, ‘शब्द नाही बदलणार, गाणं भिंतीवरच आहे.’ शेवटी शब्द राहिला, जागा बदलली. ओळ उलटी फिरवून ‘भिंत’ शेवटी नेली. आता ती ओळ ऐकताना वाटतं, हीच मूळची असणार.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या भावगीतात लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा ही बहुधा वेगवेगळी माणसं. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा गदिमांनी लिहायचं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावायची, अशी वाटणी होती. 56 गाणी, आठवड्याला एक. अशा जोडीत एकाचं काम दुसऱ्याच्या हातातून जातं, आणि शब्द चालीत बसत नसेल तर सांगणारा समोर असतो. स्वतः लिहून स्वतः गाण्याची परंपराही आपल्याकडे आहेच. शाहीर तेच करत आले, अलीकडे संदीप खरे यांनी गिटार घेऊन आपल्या कविता गायल्या. पण खोलीत एकट्याने लिहून एकट्याने चाल लावणाऱ्या पोरांना ‘हे नको’ म्हणणारं कोणी नसतं. नव्या स्वतंत्र गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांत एक कडवं जास्तीचं असतं, ते यामुळेच. इथे ते काम मित्राने केलं, थोडं माइकने, थोडं शेजाऱ्यांनी. माझं आवडतं एक कडवं त्याने कापायला लावलं. मी गप्प बसले. वही लिहिणाऱ्याला मत नसतं.

एका बाबतीत मात्र मी बोलले. शेवटच्या गाण्याचं तिने मोबाइलवर केलेलं पहिलं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. त्यात लय कुठे कुठे ढासळते, पण गाणं जिवंत आहे. पक्क्या टेकमध्ये लय घड्याळासारखी आणि गाणं जरा आवरून बसलेलं. मी ब्रूस स्प्रिंगस्टीनचं उदाहरण दिलं. त्याने 1982च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी नुसती नमुन्यादाखल भरून ठेवली. पुढे ती पूर्ण बँडबरोबर करून पाहिली, पण जमेनात, आणि शेवटी त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. ती ऐकून म्हणाली, ‘मावशी, त्याच्या मागे तोवर पाच अल्बम होते. माझा पहिला आहे. शब्द कळले नाहीत तर कोणी दुसऱ्यांदा ऐकणार नाही.’ मग मधला रस्ता निघाला. कानातली मेट्रोनोमची टिकटिक बंद केली आणि गाणं-वाजवणं वेगवेगळं न भरता एकदम भरलं. तसं केलं की गिटारच्या माइकमध्ये गळा आणि गळ्याच्या माइकमध्ये गिटार शिरते. नंतर एकातली चूक दुसऱ्याला धक्का न लावता सुधारता येत नाही. आहे तसं घ्या, नाहीतर पुन्हा गा. ती पुन्हा गायली. वहीत त्या टेकपुढे मी काहीच शेरा लिहिला नाही, फक्त गोल केला.

पुढची कामं रूक्ष. गाण्यांचा क्रम, दोन गाण्यांमधला अवकाश, सगळ्यांची पातळी सारखी करणं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाण्यांची पातळी एका ठरावीक मापावर, साधारण उणे 14 लफ्सवर (लफ्स हे ऐकू येणाऱ्या जोराचं एकक), आणली जाते. म्हणजे मुद्दाम ठणठणीत केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जातं. हळू गाण्याचा त्यात फायदा. प्रत्येक रेकॉर्डिंगला त्याच्या ओळखीचा, बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी क्रमांक, चौकोनी मुखपृष्ठ आणि रोमन लिपीतलं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की गाणी दोन वेगळ्या गायिकांच्या नावावर जातात.

पैशांचं बोलायचं तर स्पॉटिफायवर गाणं किमान तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं असं धरतात. 2024पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच निघत नाहीत. कोणीही येऊन गावं अशा ओपन माइकच्या कार्यक्रमांना तर काही ठिकाणी गाणाऱ्याकडूनच प्रवेशशुल्क घेतात! तिला खरं उत्पन्न देतात त्या घरगुती बैठका. कोणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी, तीसेक माणसं, चहा आणि दाराशी पैशांसाठी क्यूआर कोड. अमेरिकेत आनी डिफ्रँको या गायिकेने 1990 साली, विशीत पाऊल टाकताना, स्वतःचं लेबल काढून पहिला अल्बम आणला. कॅसेट बरोबर घेऊन ती गावोगाव गाडीने फिरली, कार्यक्रम करायची आणि तिथेच विकायची. पुढे मोठ्या कंपन्या मागे लागल्या तरी तिने आपल्या गाण्यांची मालकी सोडली नाही. कॅसेट गेली, पण गाणाऱ्याने स्वतः चार माणसांपुढे जाऊन बसणं काही चुकलेलं नाही.

मालकीचा हा मुद्दा आपल्याकडेही लागू आहे आणि तो नव्या मुलांना कोणी सांगत नाही. 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने त्यांचा आहे. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला सोडून कोणाला लिहून देता येत नाही. पण कायद्यात आहे म्हणून पैसे आपोआप दारात येत नाहीत. त्यासाठी आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेचं सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. गीतकार आणि संगीतकार, दोन्ही रकान्यांत आपलं नाव. स्वतःची गाणी लिहून गाणारं कोणी तुमच्या घरात असेल तर अल्बम बाहेर पडायच्या आधी त्याला हा फॉर्म भरायला बसवा. आणि कोणाच्या घरी बैठक असेल तर जा. क्यूआर कोड दाराशीच असतो.