सैकतज छत्रक आणि अधिष्ठानविचार

भूमिज छत्रकाचा अनुरस भूमीप्रमाणे बदलतो, असे सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात सांगतात. पलाल, इक्षु, करीष, वेणु व क्षिति ही उद्भिदांची विभागणीही त्यांनी उत्पत्तिस्थानावरूनच केली आहे. हा अधिष्ठानविचार किती मोलाचा आहे, हे युरोपातील एका छत्रकाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

हाद्रियानुस युनियुस (१५११–१५७५) या डच वैद्याने हॉलंडच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत उगवणाऱ्या एका विलक्षण छत्रकाचे सचित्र वर्णन १५६४ मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. केवळ एकाच छत्रकासाठी स्वतंत्र पुस्तिका, ही त्या काळी अपूर्वच गोष्ट! पुढे १७५३ मध्ये लिनियसने रानात आढळणाऱ्या त्याच्या भावंडास ‘फॅलस इम्प्युडिकस’ हे नाव दिले. वाळूतील जातीस ‘फॅलस हाद्रियानी’ हे नाव मिळण्यास मात्र १७९८ साल उजाडावे लागले. ते व्हाँतना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले व त्यात त्या वैद्याचे स्मरण राखले.

दोहोंचे बाह्यरूप जवळजवळ सारखेच. दोहोंच्या माथ्यावर दुर्गंधी लेप असतो, त्यावर माश्या बसतात व बीजाणू वाहून नेतात. भेद दिसतो तो तळाशी. वाळूतील जातीचे अंड्यासारखे कोवळे रूप वाळूत गाडलेले असते. त्याचे आवरण गुलाबी-जांभळट होते, तर रानातील जातीचे पांढरट राहते. आवरणाखालील बुळबुळीत थर ओलावा धरून ठेवतो. वाळूसारख्या रूक्ष अधिष्ठानात त्याचे महत्त्व वैद्यांस निराळे सांगावयास नको. तळाचे दोरीसारखे तंतू वाळूत दूरवर पसरतात. छत्रक वरूनच खुडले, तर ही सारी लक्षणे वाळूतच राहतात.

पावसाळ्यात आपल्याकडेही रानातील अळंबी खाऊन वांती-अतिसाराने पीडित रुग्ण येतात. चरकाचार्यांनी छत्रकजातींचे गुण सांगताना सर्पच्छत्रक वगळले आहे. पण शिजलेल्या रश्शावरून ते ओळखणार कसे? म्हणून ती कोठे उगवली होती (वारुळावर, शेणावर, कुजक्या लाकडावर की झाडाच्या मुळाशी) आणि खाल्ल्यानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. सहा तासांनंतर सुरू झालेली वांती यकृतघातक विषाची सूचक असू शकते. मधे बरे वाटले तरी अशा रुग्णास घरी न ठेवता तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. न शिजवलेली अळंबी उरली असल्यास ती तळाच्या मातीसह कागदात गुंडाळून सोबत द्यावी.