आजार, इलाज आणि पैसा : डिपॉझिटच्या आधी उपचार

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा 40 च्या आसपास गेला. अशा प्रसंगी सगळं गाव धावतं, पैशांचा विषय कुणी काढत नाही. पण त्याच नाक्यावर एखाद्या रात्री यंत्रमागावरच्या एकट्या कामगाराच्या छातीत कळ आली, तर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "पैसे कुठून आणायचे?" मग सेठकडे उचल मागायची, मेव्हण्याला फोन करायचा, बायकोचं डोरलं काढायचं, आणि मग दवाखाना. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. उदाहरणार्थ, पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पैसे गोळा करण्यात गेलेला वेळ पुढे कितीही पैसे ओतून परत मिळत नाही.

कायदाही हाच क्रम सांगतो. अपघातातल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या डॉक्टरांनी हात न लावता 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. त्यावरून 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, बाकी सोपस्कार नंतर. 1996 चा पश्चिम बंगालचा खटला एका शेतमजुराचा. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं; शेवटी खासगीत सुमारे 17 हजार रुपये मोजावे लागले. न्यायालयाने त्याला 25 हजारांची भरपाई दिली आणि वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला.

आता प्रत्यक्षात काय करायचं. 108 ला फोन करा. 2014 पासून राज्यात धावणाऱ्या या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि भाडं लागत नाही. भिवंडीकरांसाठी सर्वांत जवळचा सरकारी आसरा म्हणजे इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालय. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपरचेही पैसे घेत नाहीत. तिथून कळव्याला किंवा मुंबईला 'रेफर' केलं, तर रेफरची चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय निघू नका. काय झालंय, कोणतं औषध किती वाजता दिलं, का पाठवतोय, एवढं त्यावर हवंच. पुढच्या डॉक्टरची पंधरा मिनिटं त्याने वाचतात. आणि 'आमच्या जबाबदारीवर नेतो' या कागदावर घाईत सही करू नका.

खासगीत जावं लागलं तर दारातच विचारा, "आरोग्यमित्र कुठे बसतात?" हे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे रुग्णालयातले मदतनीस. या योजनेत आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना, पांढरं कार्डसुद्धा धरून, वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्ण तातडीचा असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात. मात्र रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि तो आजारही यादीत असावा लागतो. 155388 वर विचारता येतं.

भिवंडीत खरी अडचण वेगळीच आहे. मागावर काम करणारे कितीतरी जण उत्तर प्रदेश, बिहारचे, रेशनकार्ड गावी. राज्याच्या योजनेचं दार त्यांना सहज उघडत नाही. पण गावाकडे केंद्राच्या योजनेचं आयुष्मान कार्ड निघालं असेल, तर ते देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालतं. कार्डाचा फोटो आजच गावाहून मागवून मोबाइलमध्ये ठेवा. नाक्यावरच्या प्रत्येक खोलीत हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

गोदामांच्या या शहरात ट्रकची धडक ही रोजची भीती. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला संलग्न रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. जखमी कुठल्या राज्याचा, हा प्रश्न तिथे येत नाही.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल तर वर्षानुवर्षं पुरेसं बोललंच गेलं नाही. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी बिलांमधले 2 टक्के वेगळ्या निधीत जातात. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून स्थिर करणं त्यांना बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला नंतर आणता येतो, पण "आम्हाला धर्मादाय खाट हवी" हे पहिल्याच तासात, शक्यतो लेखी, सांगा. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. खाटा शिल्लक नाहीत असं सांगितलं, तर तेही लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

पुढच्या आठवड्यात : बिल हातात आल्यावर ते कसं वाचायचं आणि मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कोणते कागद लागतात.