खुर्चीने उठवावे, पण कसे?

१५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला भाषणे लांबली, की रांगेतला एखादा मुलगा घेरी येऊन खाली बसतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्याला आडवे केले की दोन-तीन मिनिटांत तो सावध होतो. औषध नाही, काही नाही. नुसते आडवे केल्याने गुण का यावा? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील द्रवाच्या दाबाच्या सूत्रात आहे. हे सूत्र मी वर्गात दर वर्षी शिकवतो आणि तरीही एकदा ते विसरून चांगलाच फसलो.

द्रवाच्या स्तंभाचा दाब म्हणजे उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. रक्ताची घनता दर घन सें.मी.ला सुमारे १.०६ ग्रॅम, तर पाऱ्याची १३.६ ग्रॅम. म्हणजे रक्ताच्या १३ सें.मी. उंच स्तंभाचा दाब पाऱ्याच्या १० मि.मी. स्तंभाइतका भरतो. माणूस आडवा असताना डोके, हृदय आणि पाय जवळजवळ एकाच पातळीवर असतात. तो उभा राहिला, की पाऊल हृदयाच्या खाली सुमारे १२० सें.मी.वर जाते. गणित करून पाहा : तेथील दाब ९० मि.मी.हून अधिक वाढतो. मेंदू हृदयाच्या वर ३० सें.मी. आहे असे धरले, तर तेथे तो २३ मि.मी.ने कमी होतो. नीलांच्या भिंती पातळ असतात. वाढलेल्या दाबाने त्या फुगतात आणि अर्धा लिटर किंवा अधिक रक्त पाय व पोट यांत साचून राहते. हृदयाकडे रक्त कमी परतते, म्हणून मेंदूलाही कमी मिळते.

मग तुम्हाआम्हाला रोज उठताना घेरी का येत नाही? मानेतील मोठ्या रोहिणीच्या भिंतीत दाबाची घट ओळखणारे चेतातंतू असतात. त्यांची वर्दी पोचताच हृदय जलद चालते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दुसरी सोय पोटरीची. पोटरीचा स्नायू आकसला की आतल्या नीला पिळल्या जातात. नीलांत झडपा असल्यामुळे रक्ताला वरच जावे लागते. म्हातारपणी पहिली सोय मंदावते, दुसरी दुबळी होते. रक्तदाबाच्या काही औषधांनी त्यात आणखी भर पडते.

आता माझी फजिती. माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले. ते जुळून आले, पण खुर्चीतून उठणे तिला जमेना. मी तरफेचे गणित मांडले आणि मोटरीने बैठक उचलणारी खुर्ची एका कारागिराकडून करवून घेतली. ५० किलो वाळूचे पोते ठेवून चाचणीही घेतली. मोटरीने आईला चार सेकंदांत उभे केले आणि ती म्हणाली, "अरे, डोळ्यांपुढे अंधारी आली रे!" बैठक मागेच होती म्हणून ती पडली नाही, एवढेच. वाळूच्या पोत्याला घेरी येत नाही, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते!

आपण स्वतः उठतो तेव्हा पाय जमिनीवर रेटतो. मांडी आणि पोटरी आकसतात आणि रक्त वर ढकलले जाते. माझ्या खुर्चीने ते सारे काम स्वतःकडे घेतले. आईचे पाय निष्क्रिय राहिले. पट्ट्याने बांधून उभे करणाऱ्या उपकरणांतही हाच धोका असतो. त्यातून पट्टा गुडघ्यामागे रुतला तर तेथील नीलाच दाबली जाते. रुग्णालयातील कलते टेबल मात्र रुग्णाला टप्प्याटप्प्याने उभे करते आणि प्रत्येक टप्प्यावर रक्तदाब मोजतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० मि.मी. किंवा अधिक उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात.

डॉक्टरांना विचारून मी खुर्ची बदलली. बैठकीची पुढची कड गोल केली. पायांखाली दोन फळ्या बसवून प्रत्येकीखाली दारावरच्या घंटेचे एकेक बटण लावले. चवडा दाबला की मोटर क्षणभरच चालते आणि बैठक थोडी वर येते. पुढे जायचे तर दुसऱ्या पायाचा चवडा दाबायचा. अशा रीतीने पोटरीला काम मिळते. अर्ध्यावर मोटर आपोआप थांबते. शेवटचा भाग समोरचा दांडा धरून स्वतःच्या बळावर उठायचा.

तुम्हाला अनुभव घ्यायचा असेल, तर पाच मिनिटे पडून राहा, मित्राला नाडी मोजायला सांगा. मग उभे राहून लगेच पुन्हा मोजा. मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांची वाढ सहज दिसेल. घरातील वृद्धांवर मात्र हा प्रयोग करू नका.

आईला आता उठायला जवळजवळ एक मिनिट लागते. अर्ध्यावर खुर्ची थांबली, की ती चहाचा कप मागते.