इंद्राचा शाप आणि इंजिनिअरचे यंत्र

वग पाहिला नाही असा माणूस या भागात शोधूनच काढावा लागेल. ‘गाढवाचं लग्न’ या वगात इंद्राच्या दरबारातला गंधर्व शापाने गाढव होतो आणि सावळ्या कुंभाराच्या दारी येऊन पडतो. या शापाचे नाटकातले काम नेमके काय, हे एकदा ध्यानात घेतले पाहिजे. वरचा माणूस खाली आणणे आणि खालच्याला वरच्याशी बरोबरीने बोलायला लावणे, एवढेच ते काम. स्वर्ग आणि कुंभारवाडा यांमधली भिंत एकदा पडली की मग सोंगाड्याला राजाची फिरकी घेता येते, प्रधानाची लाज काढता येते, आणि समोर बसलेल्या पाटलालाही हसावेच लागते. कारण बोलून चालून तो वग!

आता अशा एका देशाची कल्पना करा की, जिथे देव नाहीत असे सरकारनेच जाहीर केले आहे. तिथल्या सोंगाड्याने शाप आणावा कोठून? सोव्हिएत रशियातील विनोदी लेखक-दिग्दर्शकांपुढे हाच पेच होता. त्यांनी शापाच्या जागी यंत्र आणले. अग्निबाण, कालयंत्र, शस्त्रक्रियेची सुरी, काहीही चालेल. भिंत पडल्याशी कारण. आपल्या राज कपूरचा ‘आवारा’ १९५४ साली तिकडे गेला आणि घराघरांत पोहोचला. तिकडचे हे खट्याळ चित्रपट मात्र इकडे फारसे आले नाहीत. म्हणून त्यांची थोडी तपशिलात ओळख करून घेऊ.

आरंभ १९२४ सालच्या ‘आएलिता’ या मूकपटापासून करावा लागतो. अलेक्सी तोलस्तोय यांच्या कादंबरीवरून याकोव प्रोताझानोव यांनी तो काढला. एक इंजिनिअर मंगळावर जातो, त्याच्याबरोबर गेलेला शिपाईगडी तिथे क्रांती करू लागतो, आणि मागोमाग एक बावळट हौशी गुप्तहेरही पोहोचतो. बिनतारी यंत्रावर आलेल्या एका गूढ संदेशामुळे हे सारे रामायण घडते. शेवटी कळते की मंगळाची ती सफर हे त्या इंजिनिअरचे दिवास्वप्न होते आणि तो गूढ संदेश म्हणजे मोटारीच्या टायरची जाहिरात होती! स्वप्नाची ही पळवाट लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या परंपरेचा खरा मूळपुरुष मिखाईल बुल्गाकोव. शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने नाटककार, आणि नशिबाने करंटा. १९२५ साली त्याने ‘कुत्र्याचे काळीज’ ही दीर्घकथा लिहिली. एक नामांकित शल्यविशारद रस्त्यावरच्या कुत्र्याच्या अंगी मेलेल्या माणसाच्या ग्रंथी बसवतो. कुत्र्याचा माणूस होतो, पण कसला? शिवराळ, दारूबाज, हक्कांची भाषा पाठ केलेला. इमारतीची कमिटी त्याला कागदपत्रे मिळवून देते आणि लवकरच तो शहरातील भटक्या मांजरांचा बंदोबस्त करणाऱ्या खात्याचा अधिकारी होतो. विनोद इथपर्यंत ठीक. पण हा नवा माणूस आपल्या निर्मात्याविरुद्धच चुगलीचा कागद लिहितो तेव्हा हसू ओठांवरच थांबते. १९२६ च्या मे महिन्यात गुप्त पोलिसांनी बुल्गाकोवच्या घराची झडती घेऊन हस्तलिखित उचलून नेले. ते त्याला पुढे काही वर्षांनी परत मिळाले, पण रशियात छापले गेले १९८७ साली, आणि व्लादिमीर बोर्तको यांनी त्यावर चित्रपट काढला १९८८ साली. लेखक वारला १९४० मध्ये.

त्याच्या दुसऱ्या कृतीची कथा अशीच, पण जास्त गमतीची. ‘इव्हान वासिल्येविच’ या नाटकात एक संशोधक आपल्या बिऱ्हाडात कालयंत्र बनवतो. बटण दाबताच भिंत नाहीशी होते आणि पलीकडे सोळाव्या शतकातला झार इव्हान, ज्याला इतिहास ‘भयंकर इव्हान’ म्हणतो, तो दिसू लागतो. गडबडीत झार इकडे येतो. आणि इमारतीचा कारभारी बुन्शा, एक भुरटा चोर सोबतीला घेऊन, तिकडे जातो.

हे आपल्याकडे घडले असते तर? समजा, मेढ्यातल्या एखाद्या माळ्यावर कॉलेजात जाणाऱ्या पोराने तारा जोडून असे यंत्र केले, भिंत विरघळली, आणि पलीकडे १६५६ सालची जावळी दिसू लागली. चंद्रराव मोरे इकडे आले आणि पतपेढीचे चिटणीस तिकडे गेले. चंद्ररावांना सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांगेत उभे राहावे लागेल, आणि आधार कार्ड कोठे आहे असे विचारले म्हणून ते तलवारीला हात घालतील. हा विनोद सोपा. अवघड विनोद पलीकडच्या बाजूला आहे. चिटणीसबुवा गादीवर बसल्यावर दरबारातल्या कोणाला काही फरक जाणवेल का?

बुल्गाकोवचा बाण नेमका तिथेच लागला होता. झार आणि कारभारी यांचे नाव एक, बापाचे नाव एक, आणि चेहराही एक. स्टालिनच्या अमलात भयंकर इव्हान हा चेष्टेचा विषय नव्हे. पुढे आयझेनस्टाइनसारख्या थोर दिग्दर्शकाने या झारावर काढलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग १९४६ साली अडकला तो १९५८ पर्यंत पडद्यावर आलाच नाही. नाटकाची तर बातच सोडा. मे १९३६ मध्ये मॉस्कोच्या विनोद-नाट्यगृहात रंगीत तालीम झाली आणि प्रयोग बंद पडला. कोर्ट नाही, अपील नाही. आपल्याकडेही नाटकाच्या संहितेला परवाना लागतोच. पण १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर गदा आली तेव्हा हायकोर्टाचा दरवाजा तरी ठोठावता आला. बुल्गाकोवपुढे दरवाजाच नव्हता.

लिओनिद गायदाई या दिग्दर्शकाने ते नाटक १९७३ साली पडद्यावर आणले. नाटक लिहिले तेव्हाची बिऱ्हाडे जाऊन नव्या इमारती आल्या, ग्रामोफोन जाऊन टेपरेकॉर्डर आला. युरी याकोव्लेव या नटाने झार आणि कारभारी या दोन्ही भूमिका केल्या, आणि अशा केल्या की भिवई किंचित वर गेली की झार, खांदे किंचित पडले की बुन्शा. सहा कोटींहून अधिक तिकिटे खपली. चित्रपटाची सुरुवात काळ्या-पांढऱ्या रंगांत होते. संशोधक धडपडून पडतो, बेशुद्ध होतो, आणि तिथून रंगीत गोष्ट सुरू होते. म्हणजे सारे स्वप्नच! ‘आएलिता’ची जुनी पळवाट ती हीच.

तरीही कात्री चाललीच. तिकडे राजवाड्यात मेजवानी झडते. मासे, हंस, वांग्याचे भरीतसुद्धा ताटात मूठभरच, इतके ते दुर्मिळ. खोटा झार झालेल्या बुन्शाला जन्माची सवय. तो विचारतो, हा खर्च कोणाच्या नावावर? मुळात त्याचे उत्तर होते, जनतेच्या. ध्वनिमुद्रणात ते बदलून ‘निदान आपल्या तरी नाही’ असे करण्यात आले. माझ्या मते बदललेले उत्तरच जास्त झोंबते. हुकूम करणाऱ्याला वाटले आपण काटा काढला. काढला तो काटा टोकदार होऊन परत बसला.

याच राजवाड्यात स्वीडनचा वकील एक परगणा मागतो आणि बुन्शा तो देऊन टाकायला निघतो. सरकारी मालमत्ता, आपल्या बापाचे काय जाते? ती उधळू नये म्हणून अडवतो कोण, तर बरोबरचा चोर! ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हवालदाराचा कोतवाल झालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रसंगाची वेगळी टीप देण्याची गरज नाही.

गायदाईचा चित्रपट खळखळून हसवतो. १९८६ सालचा ‘किन-द्झा-द्झा’ हा वेगळ्या जातीचा. त्यात हसू येते ते घशाला कोरड पडलेल्या माणसासारखे. दिग्दर्शक गेऑर्गी दानेलिया, सहलेखक रेवाझ गाब्रियाद्झे, दोघेही जन्माने जॉर्जियन. गोष्ट अशी : मॉस्कोतला एक बांधकाम मुकादम बायकोने सांगितलेला पाव आणायला बाहेर पडतो. रस्त्यात एक अनवाणी, थंडीने कुडकुडणारा माणूस भेटतो आणि आपण परग्रहावरचे आहोत असे सांगतो. मुकादम त्याला वेडा समजून त्याच्या हातातल्या यंत्राचे बटण दाबतो. पुढच्या क्षणाला तो आणि शेजारी उभा असलेला सारंगीवाला विद्यार्थी वाळवंटात उभे! ग्रहाचे नाव प्ल्यूक.

या ग्रहावर विज्ञान अफाट आहे आणि पुसायला फडके नाही. आकाशात उडणारे वाहन आहे, पण ते गंजलेल्या हंड्यासारखे दिसते. माणसे एकमेकांचे विचार वाचतात, त्यामुळे बोलण्याची गरज नाही. एका ‘कू’ या शब्दात सगळी भाषा आटोपते. काडेपेटीतली काडी म्हणजे सोने. एका काडीसाठी माणूस माणसाला विकतो. समुद्र होते, त्यांचे इंधन करून टाकले. आता पाणी हवे तर ते इंधनापासूनच परत बनवावे लागते आणि विकत घ्यावे लागते. वेण्णेच्या काठी राहणाऱ्यांना हा विनोद सांगताना मला जरा संकोच वाटतो.

पण या चित्रपटाचा गाभा पुढेच आहे. प्ल्यूकवर माणसांचे दोन वर्ग आहेत, चातलान आणि पात्साक. दिसायला सारखे, बोलायला सारखे, लबाडीलाही सारखे. फरक सांगते एक छोटे यंत्र. माणसापुढे धरले की नारिंगी दिवा लागला तर चातलान, हिरवा लागला तर पात्साक. पात्साकाने नाकात घंटी अडकवायची, चातलानापुढे गुडघे वाकवून, हात पसरून ‘कू’ म्हणायचे. दुसऱ्या ग्रहावर गेले की नेमके उलटे. हा भेद कशासाठी, असे आपली माणसे विचारतात, तेव्हा उत्तर मिळते की, तुला हिरवा आणि नारिंगी यांतला फरक दिसत नाही का, रंगांधळा आहेस काय? वरच्या पदांची ओळख विजारीच्या रंगावरून होते. आणि जिथे विजारींची अशी प्रतवारी नाही त्या समाजाला ध्येय ते कसले, अशी तिथल्या शहाण्यांची समजूत.

रशियन प्रेक्षकाने यात आपल्या साहेबांच्या गाड्या आणि खास दुकाने पाहिली असतील. मराठी माणसाला त्यात दुसरे काही दिसल्यावाचून राहणार नाही. जोतीराव फुले ज्या जिल्ह्यातल्या कटगुणच्या घराण्यातले, त्या जिल्ह्यात बसून तो हिरवा-नारिंगी दिवा नुसता परदेशी विनोद म्हणून पाहता येत नाही. आपल्याकडे दिवा लागत नाही, आडनाव विचारतात.

दानेलियाने या गोष्टीला स्वप्नाची पळवाट ठेवली नाही. आपल्या दोघांना सुटण्याची संधी मिळते, पण मग त्यांना प्ल्यूकवर सतत ठकवत आलेले दोन सोबती कायमचे झाडे होऊन बसतील, हे कळल्यावर ते परततात. ज्यांनी विकले त्यांच्यासाठीच! सोबत्यांपैकी एक आहे तोच याकोव्लेव, झार आणि कारभारी झालेला. चित्रीकरण तुर्कमेनिस्तानच्या काराकुम वाळवंटात झाले. सुमारे दीड कोटी लोकांनी तो तेव्हा पाहिला, म्हणजे गायदाईच्या मानाने कमीच. पण त्याचे ‘कू’ पुढच्या पिढीच्या तोंडी राहिले. मॉसफिल्म संस्थेने आपले बरेच जुने चित्रपट आता इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. ज्यांना सवड आहे त्यांनी आधी गायदाईचा पाहावा, मग हा.

शेवटी काळ मागे फिरतो. मुकादम पुन्हा मॉस्कोत, पुन्हा पाव आणायला निघालेला, आणि काही घडल्याचे त्याला आठवत नाही. समोरून सारंगीवाला पोरगा येतो, ओळख नाही. इतक्यात रस्त्यावरून नारिंगी दिवा लुकलुकवीत एक गाडी जाते. आणि ही दोन भली माणसे, भर रस्त्यात, गुडघे वाकवतात, हात पसरतात आणि म्हणतात : कू.