सुवर्णदुर्ग व त्याचे किनाऱ्यावरील तीन कोट

१. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत हर्णै बंदरासमोर समुद्रांत उभा असलेला सुवर्णदुर्ग इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. ता. ११ जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकींत 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नांवाखालीं बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादींत झाली. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांतील असून बारावा जिंजीचा आहे. त्या अकरांत रत्नागिरी जिल्ह्यांतील सुवर्णदुर्ग हा एकच किल्ला आहे. ही गोष्ट समाधानाची होय.

परंतु याच काळांत या किनाऱ्याचें रूप झपाट्यानें पालटत आहे. मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्लें या गांवांच्या पुळणीवर सुट्टीच्या दिवसांत पुण्यामुंबईकडील मंडळी मोठ्या संख्येनें येतात. समुद्रस्नान, होडींतून फेरफटका, डॉल्फिन पाहणें, सायंकाळीं हर्णै बंदरावरील मासळीचा लिलाव, आणि सवड मिळाल्यास सुवर्णदुर्ग, असा त्यांचा क्रम असतो. त्यांच्या मुक्कामासाठीं नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रिसॉर्ट उभीं राहिलीं आहेत व अजून राहत आहेत. बेटावर कोणी इमला बांधीत नाहीं, तेव्हां किल्ल्यास धोका कसला, असा प्रश्न सहज सुचतो. त्याचें उत्तर असें कीं, सुवर्णदुर्ग हा एकटा किल्ला नव्हे. तो चार कोटांच्या एका संघाचा समुद्रांतील भाग आहे. आणि बेट राखून किनारा गमावला तर त्या संघाचा अर्थच गमावला जाईल. हें कसें, तें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम स्थलवर्णन थोडक्यांत देतों. सुवर्णदुर्गाचें बेट किनाऱ्यापासून हांकेच्या पलीकडे परंतु तोफेच्या टप्प्यांत आहे. महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूस आहे. त्याच्या पायरीवर कासव कोरलेलें असून जवळच्या तटांत मारुतीची मूर्ति आहे. पश्चिमेकडील तट कांहीं भागीं मूळ खडक तासूनच सिद्ध केला आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवागड असे तीन कोट आहेत. कनकदुर्ग समुद्रांत शिरलेल्या उंचवट्यावर असून त्यावर आज दीपगृह आहे. बुरुजांचे थोडे अवशेष व पाण्याचीं टांकीं शिल्लक आहेत. फत्तेगड त्याच्या शेजारीं आहे; त्यावर आतां कोळी बांधवांची दाट वस्ती असल्यामुळें तटबंदी म्हणून दाखवितां येईल असें तेथें फारसें उरलेलें नाहीं. गोवागड हा या तिहींत मोठा व त्यांतल्या त्यांत धड. आंत इंग्रजी अमदानींतील पडक्या इमारती आहेत.

इतिहासाच्या ग्रंथांतून या तिघांस बहुधा एखाददुसऱ्या ओळीची जागा मिळते. मुख्य दुर्गाचे सोबती, एवढीच त्यांची ओळख. ही ओळख अपुरी आहे, हें इ. स. १७५५ च्या मोहिमेवरून दिसून येतें.

३. कान्होजी आंग्रे यांच्या कर्तृत्वाचा आरंभ सुवर्णदुर्गावर झाला. ता. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी निवर्तल्यावर पुढें आंग्र्यांच्या घरांत दुफळी माजली, व दक्षिणेकडील आरमार आणि त्याबरोबर हा दुर्ग तुळाजी आंग्रे यांच्याकडे आला. तुळाजी व नानासाहेब पेशवे यांचें वितुष्ट विकोपास गेलें, तेव्हां पेशव्यांनीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. पेशव्यांकडून रामाजी महादेव बिवलकर व इंग्रजांकडून कमोडोर विल्यम जेम्स या स्वारीवर होते. जेम्स इ. स. १७५५ च्या मार्चअखेरीस मुंबईहून निघाला. त्याच्याबरोबर 'प्रोटेक्टर' हें ४४ तोफांचें जहाज व कांहीं लहान गलबतें होतीं.

एप्रिलच्या आरंभीं झालेल्या माऱ्याची हकीकत ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें दिली आहे. तींतील क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. जेम्सनें प्रथम समुद्राच्या बाजूनें, म्हणजे पश्चिमेकडून, तोफा डागल्या. तेथें तट खडकांतीलच असल्यामुळें त्या माऱ्याचा कांहींच उपयोग होईना. तेव्हां त्यानें आपलीं जहाजें बेट व किनारा यांमधील अरुंद खाडींत आणिलीं. तेथें उभें राहून त्याच्या जहाजाच्या एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गाच्या ईशान्येकडील बुरुजांवर, व दुसऱ्या बाजूच्या तोफा त्याच वेळीं गोवागडावर चालूं लागल्या. एका गोळ्यानें किल्ल्यांतील गवती छपरें पेटलीं, दारूखाना उडाला, आणि आंतील बहुतेक लोक बेट सोडून गोवागडाकडे पळूं लागले, परंतु इंग्रजांनीं त्यांस वाटेंतच पकडलें. लढाई मात्र तेवढ्यानें संपली नाहीं. गोवागड शरण येऊं लागला असतां तेथील किल्लेदार पुन्हां सुवर्णदुर्गांत शिरून तो लढवूं पाहत होता. शेवटीं जेम्सनें खलाशी उतरवून बेटाचा दरवाजा कुऱ्हाडींनीं फोडविला, तेव्हां दुर्ग हातीं आला.

या हकीकतीवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, सुवर्णदुर्गाचा कच्चा भाग किनाऱ्याकडे होता, व ती बाजू झांकण्यासाठींच किनाऱ्यावरील कोट होते. दुसरी, बेट व किनारा यांच्या मधील पाण्याचा पट्टा हा किल्ल्याचाच भाग होता. त्यांत शिरणाऱ्यावर दोहोंकडून मारा व्हावा अशी योजना होती. तिसरी, माणसें, दारूगोळा व आशा हीं सर्व या पट्ट्यांतून इकडून तिकडे जात होतीं. किनारा हातचा गेला तेव्हांच बेट गेलें.

४. आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष महत्त्वाची गोष्ट. ऑर्मच्या मतें मराठी फौजेनें या मोहिमेंत फारसें कांहीं केलें नाहीं. दोन मैलांहून अधिक अंतरावर मोर्चा लावून तिनें एकच चार पौंडी तोफ चालविली, असें तो सांगतो. हें एका पक्षाचें कथन आहे. त्याची पारख दोनच साधनांनीं होऊं शकते. एक मराठी कागद, व दुसरें प्रत्यक्ष जमीन. मोर्चा कोठें होता, वाट कोणती होती, पाणी कोठून आणीत, उतारा कोणत्या जागीं होता, हें सर्व त्याच जमिनीवर शोधावें लागेल, जिच्यावर आज पायाखणणी चालली आहे.

कोंकणांत जमीन व कागद यांचा संबंध फार जवळचा आहे. या तालुक्यांतील जुन्या घराण्यांतून सनदा, महजर, कौलनामे, इनामपत्रें व खोतीच्या वहिवाटीचे निवाडे मोडी लिपींत लिहिलेले असावयाचे. इ. स. १९४९ च्या कायद्यानें खोती नष्ट झाली. तेव्हांपासून या कागदांची व्यवहारांतील किंमत गेली, व ते माळ्यावर पडले. घर विकलें, वाडी विकली, जुना वाडा मोडून निवासगृह बांधावयाचें ठरलें, म्हणजे माळा रिकामा करावा लागतो. आणि ज्याला कोणी वाचीत नाहीं तें दप्तर प्रथम बाहेर पडतें. शेतांचीं, पाणवठ्यांचीं व पाणंदींचीं जुनीं नांवें तशींच जातात; कारण बिनशेती होऊन तुकडे पाडलेल्या जमिनीस अंकच पुरतो. 'तोफखाना', 'मेट', 'पागा' अशीं स्थलनामें महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं बुजलेल्या अवशेषांची एकमेव साक्ष ठरलीं आहेत, हें संशोधकांस ठाऊकच आहे.

सुवर्णदुर्गाचा पुढील इतिहासहि या दृष्टीनें मोलाचा आहे. इ. स. १७५५ नंतर हा दुर्ग पेशव्यांकडे आला. ता. २५ आक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं पराभव केल्यावर दुसरे बाजीराव कोंकणांत उतरून सुवर्णदुर्गास आले, व तेथून इंग्रजी जहाजानें वसईस गेले, ता. ३१ डिसेंबर रोजीं तेथेंच तो प्रसिद्ध तह झाला. पेशव्यांचा मुक्काम म्हणजे धान्य, माणसें, होड्या व पैसा यांची आसपासच्या गांवांवर पडलेली मागणी. तिचे कागद गांवांतच शोधावे लागतात. बेटावर ते सांपडावयाचे नाहींत.

५. कायद्याचें संरक्षण कोठवर पोंचतें, हेंहि पाहिलें पाहिजे. सुवर्णदुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रक्षणांत आहे. इ. स. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यास इ. स. २०१० मध्यें झालेल्या दुरुस्तीनें, संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढें २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. डोंगरी किल्ल्यास हा नियम चांगला लागू पडतो. जलदुर्गाच्या बाबतींत मात्र तें अंतर बहुतेक पाण्यांतच संपतें. म्हणजे कायदा लाटांचें रक्षण करतो, आणि किनाऱ्यावरील ज्या अवशेषाची संरक्षित म्हणून घोषणा झालेली नसेल त्यास या मर्यादेचा कांहीं लाभ नाहीं.

दुसरें कुंपण किनारा-नियमनाचें. हे नियम प्रथम इ. स. १९९१ मध्यें निघाले, इ. स. २०११ मध्यें व पुनः ता. १८ जानेवारी २०१९ रोजीं नव्यानें निघाले. नव्या नियमांनीं दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत भरतीरेषेपासूनचा बांधकामरहित पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला, व पुळणीवर प्रवाशांसाठीं तात्पुरत्या सोयी उभारण्यास मुभा दिली. पुरातत्त्वीय महत्त्वाच्या जागा त्यांत पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, वर्गांत घातल्या आहेत खऱ्या. परंतु जागा तशी आहे हें आधीं कोणीतरी नकाशावर दाखवावें लागतें.

दुय्यम मानलेल्या किल्ल्यांची स्थिति किती नाजूक असते, हें इ. स. २०१९ च्या सप्टेंबरांतहि दिसलें. राज्यांतील कांहीं किल्ले निवासव्यवस्थेसाठीं खासगी संस्थांस दीर्घ मुदतीनें देण्याचा विचार असल्याचें वृत्त येतांच महाराष्ट्रांत मोठा क्षोभ झाला. त्यावर सरकारकडून खुलासा झाला कीं, शिवकालीन महत्त्वाच्या किल्ल्यांस हात लावला जाणार नाहीं. प्रश्न केवळ अवर्गीकृत किल्ल्यांचा आहे. अर्थात् जो कोट कोणत्याहि यादींत नाहीं, त्याची पाळी प्रथम.

६. या संबंधांत एक दूरचें उदाहरण देण्यासारखें आहे. जेम्स इ. स. १७८३ मध्यें मरण पावला. पुढच्या वर्षीं त्याच्या विधवेनें लंडनजवळ शूटर्स हिल या टेंकडीवर सुवर्णदुर्गाच्या विजयाचें स्मारक म्हणून एक तिकोनी मनोरा बांधिला. इंग्रजी उच्चारानें विकृत झालेलें आपल्या दुर्गाचें नांव, 'सेव्हर्नड्रूग', तेंच त्या मनोऱ्याचें नांव. सभोंवतीं राई, वरून दूरचा देखावा, यामुळें तें लोकांच्या विहाराचें ठिकाण झालें, इ. स. १९२२ मध्यें लंडनच्या कौंटी कौन्सिलनें तें विकत घेतलें, व पुढें तेथें चहाचें उपाहारगृहहि चाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस खर्च झेपेना म्हणून मनोरा बंद झाला, व तो खासगी कचेऱ्यांसाठीं भाड्यानें देण्याचा विचार निघाला. तेव्हां आसपासच्या रहिवाशांनीं इ. स. २००२ च्या सुमारास रक्षणमंडळ स्थापिलें, निधि मिळविला, डागडुजी करविली, आणि इ. स. २०१४ मध्यें मनोरा लोकांस पुनः खुला केला. चहा तेथें आजहि मिळतो.

ज्या विजयाचें तें स्मारक, त्याच्या रणभूमीची काळजी मात्र अद्याप अपुरी आहे. या उदाहरणांतून घेण्याजोगा बोध असा कीं, रक्षण म्हणजे लोकांस मज्जाव नव्हे. हर्णैच्या व मुरूडच्या रहिवाशांस प्रवाशांपासून उत्पन्न मिळतें; तें बुडवून कोणतेंहि रक्षण टिकणार नाहीं. फत्तेगडावरील कोळी बांधवांची वस्ती तर त्या कोटाच्या इतिहासाचाच पुढील अध्याय आहे. गांवच्या माणसानें आपल्या वाडींत चार खोल्या काढणें वेगळें, आणि जुन्या बांधांसह सबंध उतार सपाट करून मोठें रिसॉर्ट उभारणें वेगळें. हा भेद ओळखून बोललें पाहिजे.

७. मग करावयाचें काय? आमच्या मतें चार कामें तांतडीचीं आहेत. पहिलें, चारहि कोट, मधला समुद्र, उताराच्या जागा व जुन्या वाटा एकाच नकाशावर दाखवून तो संबंधित खात्यांपुढें ठेवावा. जलदुर्गाची रक्षणमर्यादा किनाऱ्यावरूनहि मोजावी, अशी मागणी त्याच नकाशाच्या आधारानें करतां येईल. दुसरें, किनाऱ्यावरील कोटांपैकीं ज्यास संरक्षण नसेल त्याची स्वतंत्र नोंद व्हावी. तिसरें, या परिसरांत मोठें बांधकाम निघाल्यास पाया खणण्यापूर्वीं जागेची पाहणी जाणत्या माणसाकडून व्हावी. चौथें काम सर्वस्वी आपल्या हातचें आहे. हर्णै, मुरूड, आंजर्लें व आसपासच्या गांवांतील घराण्यांकडे जाऊन त्यांच्या दप्तरांच्या याद्या कराव्या, मोडी कागदांचीं छायाचित्रें घ्यावीं, मूळ कागद मालकांकडेच ठेवावे, आणि वृद्ध मंडळींच्या तोंडून शेतांचीं व पाणवठ्यांचीं नांवें टिपून घ्यावीं. राजवाड्यांनीं साधनें मिळविलीं तीं असेंच गांवोगांव हिंडून व दार ठोठावून. आज हें काम करण्यास त्यांच्याहून कितीतरी अधिक साधनें आपणांजवळ आहेत. अवधि मात्र कमी आहे.

सुवर्णदुर्गाचा तट अजून पुष्कळ वर्षें लाटांस दाद देणार नाहीं. किनाऱ्यावरील बांध, वाट व दप्तर यांस मात्र एक खरेदीखत पुरतें. तेव्हां ज्या बाजूनें इ. स. १७५५ मध्यें दुर्ग पडला, त्या बाजूवर संशोधकांनीं आधीं लक्ष ठेवावें, एवढीच विनंति.